जुन्या संगणकांवर डेबियन: हार्डवेअर आपोआप कुठवर ओळखलं जातं?

वाचनालयाच्या माळ्यावर तीन जुने संगणक पडून होते: एक पेंटियम थ्री, एक पेंटियम फोर आणि एक पेंटियम एम जातीचा लॅपटॉप. त्यांच्यावर डेबियन (लिनक्सचं एक मोफत वितरण) टाकून ते पुन्हा कामाला लावायचं काम सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झालं. जुन्या यंत्रावर लिनक्स टाकताना बहुतेकांची गाडी अडते ती हार्डवेअर ओळखण्यापाशी. नेटवर्क कार्ड दिसत नाही, स्क्रीन अर्धीच भरते, प्रिंटर गप्प बसतो, आणि नक्की कुठे काय बिनसलंय ते उमगत नाही. म्हणून सगळा प्रवास क्रमाने लिहून ठेवतो.

एक सूचना आधीच देतो. आदेश आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांतच टाइप करायची.

पहिला टप्पा कागदांचा होता. सार्वजनिक वाचनालयाची प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या यादीत) असते. हे तिन्ही संगणक त्या वहीत होते आणि त्यांच्या निर्लेखनाचा (यादीतून कायमचं काढून टाकण्याचा) विषय कार्यकारी मंडळापुढे यायचा होता. निर्लेखन एकदा झालं की वस्तू ई-कचरा म्हणून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावी लागते. मग तिला परत वापरात घेणं कागदोपत्री फार अवघड. त्यामुळे आधी मंडळाकडून लेखी ठराव घेतला: 'निर्लेखन तीन महिने स्थगित, दुरुस्तीचा प्रयत्न, खर्चाची मर्यादा एक हजार रुपये.' सभा महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे ठरावाची प्रत हातात पडेपर्यंत सप्टेंबर संपत आला. तुमची यंत्रं शाळेची किंवा संस्थेची असतील तर स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी हे करून घ्या. जुन्या हार्ड डिस्कवर सभासदांची नावं-पत्ते असू शकतात, म्हणून त्यांचा बॅकअप घेऊन ग्रंथपाल ताईंची सही घेतली आणि मगच डिस्क कोऱ्या केल्या.

ठरावाची प्रत येईपर्यंतचा वेळ वाया गेला नाही. झाकणं उघडून प्रत्येक बोर्डाचे आणि कार्डाचे मोबाइलवर फोटो काढले. चिपवरचा क्रमांक, जम्परची (सेटिंग ठरवणाऱ्या, पिनांवरच्या छोट्या टोपीची) जागा, कार्डावर छापलेली तक्ती, सगळं वाचता येईल असं. पुढे याच फोटोंनी सर्वांत जास्त काम केलं. पेंटियम फोरच्या काळातल्या बोर्डांवरचे कॅपॅसिटर फुगण्याचा रोग प्रसिद्ध आहे, त्यांच्या टोप्या सपाट आहेत ना ते पाहिलं. दोन्ही डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ बॅटरी नवीन घातली, ४० रुपयांना एक. हा खर्च टाळू नका. बॅटरी मेली की यंत्राचं घड्याळ दर वेळी वीसेक वर्षं मागे जातं, आणि मग एपीटी (डेबियनचं पॅकेज आणणारं साधन) 'रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही' म्हणून पॅकेज घ्यायला नकार देतं. माणूस नेटवर्क तपासत बसतो, दोष असतो तारखेचा. शिवाय बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामात) केलेले बदलही बॅटरीशिवाय टिकत नाहीत. प्रत्येक यंत्रावर मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला. खराब मेमरीमुळे येणाऱ्या चुका हुबेहूब ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) चुकांसारख्या दिसतात, त्या शक्यता आधीच संपवलेल्या बऱ्या.

आवृत्ती निवडताना फार पर्याय नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (हार्डवेअर सांभाळणारा प्रणालीचा गाभा) नाही. म्हणून डेबियन १२, म्हणजे बुकवर्म. तीही सगळ्या जुन्या प्रोसेसरांवर चालत नाही. तिला आय६८६ वर्गाचा प्रोसेसर लागतो आणि लाँग नॉप ही सूचना त्याला समजावी लागते. पेंटियम प्रो आणि त्यानंतरचे इंटेल चालतात. एएमडीचे के६-२ आणि जिओड मात्र बाद. तुमच्याकडे तसं यंत्र असेल तर पुढचं वाचण्याआधी हा विचार करा. बुकवर्ममधली आणखी एक गोष्ट जुन्या यंत्रांना फार उपकारक आहे: या आवृत्तीपासून मुक्त नसलेलं फर्मवेअर (उपकरणाच्या आत चढवावा लागणारा प्रोग्राम) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. पूर्वी ते वेगळ्या पेनड्राइव्हवर शोधून न्यावं लागायचं.

सुरुवात पेंटियम फोरपासून केली, कारण त्यात आयएसए, म्हणजे कार्ड खोचायचा सर्वांत जुन्या पद्धतीचा स्लॉट नव्हता. एजीपी आणि पीसीआय हे त्यानंतरचे स्लॉट. इंटेल ८४५ चिपसेट, एजीपीमध्ये रेडिऑन ७००० कार्ड, पीसीआयमध्ये रिअलटेक ८१३९ नेटवर्क कार्ड. ५१२ एमबी मेमरी अपुरी वाटली म्हणून वापरलेली ५१२ एमबीची डीडीआर पट्टी पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून ४०० रुपयांना आणली. नेटइन्स्ट इमेज (बाकीची पॅकेजं नेटवरून घेणारा छोटा इन्स्टॉलर) डीव्हीडीवर कमी वेगाने लिहिली. जुने ड्राइव्ह वेगात लिहिलेल्या तबकड्या वाचताना अडखळतात, आणि इन्स्टॉलर मध्येच 'फाइल सापडली नाही' म्हणतो.

ग्राफिकल इन्स्टॉलर निवडला की भाषांच्या यादीत मराठी आहे. वाचनालयातल्या मंडळींना शेजारी बसून प्रत्येक पायरी वाचता आली, याचा मनापासून आनंद झाला. मजकुरी इन्स्टॉलरमध्ये देवनागरी दाखवता येत नाही, म्हणून तिथे मराठी मिळत नाही.

आता यंत्र हार्डवेअर ओळखतं म्हणजे काय करतं, ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पीसीआय पद्धत १९९२ साली आली. तिच्यात प्रत्येक उपकरण स्वतःची ओळख स्वतःजवळ ठेवतं: २५६ बाइटांची एक जागा, तिच्यात पहिले दोन बाइट उत्पादकाचा क्रमांक, पुढचे दोन उपकरणाचा. बायॉस आणि कर्नल सीएफ८ व सीएफसी या दोन पोर्टांतून (प्रोसेसर उपकरणांशी बोलतो त्या क्रमांकित दारांतून) प्रत्येक जागी विचारतात. जिथे कुणी नाही तिथून सगळे बिट एक, म्हणजे एफएफएफएफ, येतात. या विचारण्याने कुणालाही इजा होत नाही. मिळालेल्या क्रमांकांवरून कर्नल एक ओळ तयार करतो, युडेव्ह (उपकरणाला ड्रायव्हर जोडून देणारा प्रोग्राम) ती मॉड्यूल्स.अलायस या फाइलीतल्या नमुन्यांशी ताडून पाहतो, आणि जुळेल ते मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, चढतं. म्हणजे पायऱ्या चार: उपकरण बसवर दिसणं, त्याला ड्रायव्हर सापडणं, ड्रायव्हरला लागेल ते फर्मवेअर मिळणं, आणि शेवटी सेटिंग. 'ओळखलं नाही' म्हणण्याआधी कुठली पायरी चुकली ते शोधायचं. एलएसपीसीआय हा आदेश एनएन आणि के या पर्यायांसह चालवला की पहिल्या दोन पायऱ्या एकाच ठिकाणी दिसतात: उपकरणाचा क्रमांक आणि कुठल्या ड्रायव्हरने त्याचा ताबा घेतलाय ते. तिसरीसाठी डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) वाचायचा आणि त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधायचा.

रिअलटेक ८१३९चं उदाहरण याच वेळी समोर आलं. क्रमांक १०ईसी:८१३९. या एकाच क्रमांकाच्या दोन जातींच्या चिप बाजारात आहेत, साधी ८१३९ आणि सुधारित ८१३९सी+, आणि लिनक्समध्ये त्यांचे ड्रायव्हरही दोन: ८१३९टू आणि ८१३९सीपी. क्रमांक सारखा असल्याने युडेव्ह दोन्ही चढवतो. मग ८१३९सीपी चिपची सुधारणा-आवृत्ती बघतो. ती हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) २० पेक्षा कमी असेल तर 'ही सी+ चिप नाही, ८१३९टू वापरा' असं लिहून बाजूला होतो. डीमेसेजमध्ये हा संदेश चुकीसारखा दिसतो आणि अनेक जण त्याच्यामागे लागतात. तो दोष नाही, कामाचा भाग आहे. खालच्या ओळीत ८१३९टूने कार्ड घेतलेलं दिसलं की पुढे जा.

रेडिऑन ७०००चं प्रकरण तिसऱ्या पायरीचं. त्याला आर१००_सीपी नावाची फर्मवेअर फाइल लागते. ती नसली तरी स्क्रीन दिसते, पण थ्रीडीचं काम बंद पडतं आणि खिडक्या सरकवताना यंत्र हाशहुश करतं. फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज आहे ना ते पाहा. साउंड मात्र बोर्डावरच्या एसी'९७ चिपमुळे काही न करता वाजू लागला.

डिस्कच्या बाबतीत डीमेसेजमध्ये एक ओळ होती: ४० तारांच्या केबलमुळे वेग यूडीएमए ३३ वर मर्यादित. कर्नल केबलची जातसुद्धा तपासतो, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. ८० तारांची आयडीई केबल १०० रुपयांना मिळाली, आणि तेवढ्या बदलाने डिस्क यूडीएमए १०० वर चालू लागली. निळं टोक बोर्डाकडे, काळं मुख्य डिस्ककडे, राखाडी दुय्यमकडे.

मॉनिटरची अडचण निघाली ती वेगळीच. स्क्रीन १०२४ गुणिले ७६८ वरच अडली होती. मॉनिटर स्वतःची माहिती १२८ बाइटांच्या एका तुकड्यात सांगतो आणि ती व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. जुन्या, स्वस्त केबलींमध्ये त्या पिनाच नसतात. दोन संगणकांत एकच मॉनिटर वापरायचे स्विच तर ही माहिती बऱ्याचदा गिळूनच टाकतात. पिना मोजल्या, केबल बदलली, प्रश्न मिटला. केबल बदलणं शक्य नसेल तर सीव्हीटी या आदेशाने हव्या त्या आकाराची मोडलाइन (स्क्रीनच्या मापांची ओळ) काढा आणि एक्सरॅंडआर या स्क्रीन बदलणाऱ्या आदेशाला न्यूमोड, ॲडमोड असे पर्याय देऊन ती चढवा. मात्र सीआरटी मॉनिटर असेल तर त्याच्या झेपेबाहेरची वारंवारता देऊ नका, तो खराब होऊ शकतो.

लॅपटॉपला ऑक्टोबरच्या मध्यावर हात घातला. पेंटियम एमच्या सुरुवातीच्या पिढ्या पीएई ही जास्त मेमरी वापरण्याची सोय असूनही ती आपल्या झेंड्यांमध्ये (प्रोसेसर स्वतःच्या सोयी सांगतो त्या यादीत) जाहीर करत नाहीत. डेबियनचा इन्स्टॉलर स्वतः पीएई नसलेल्या ६८६ कर्नलवर चालतो आणि प्रोसेसरचे झेंडे वाचून तसाच कर्नल बसवतो, त्यामुळे काहीच करावं लागलं नाही. फोर्सपीएई हा पर्याय वापरण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, पण तो ज्या वितरणांत फक्त पीएई कर्नल आहे त्यांच्यासाठी आहे.

वायफाय चिप इंटेल २२००बीजी, क्रमांक ८०८६:४२२०, ड्रायव्हर आयपीडब्ल्यू२२००. तिच्या फर्मवेअर पॅकेजला परवान्याची अट असल्यामुळे बसवताना एक प्रश्न येतो. तो मान्य केल्याशिवाय फर्मवेअर बसत नाही. एवढं करूनही वायफाय सुरू होईना. डीमेसेजमध्ये स्पष्ट होतं: रेडिओचा किल स्विच चालू. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला एक बारीक सरकता खटका होता, तो सरकवल्यावर सिग्नल आला. आरएफकिल लिस्ट या आदेशात 'हार्ड ब्लॉक्ड: येस' दिसलं तर सॉफ्टवेअरकडे बघूच नका, खटका शोधा. आणखी एक अट लक्षात ठेवा: ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिला डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) येत नाही. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल तर तो डब्ल्यूपीए२ वर आणावा लागतो.

दिवाळीनंतर पेंटियम थ्री पुढ्यात घेतला. खरं काम याच्यातच होतं आणि मनात धाकधूकही याचीच होती. इंटेल ४४०बीएक्स चिपसेट, २५६ एमबी एसडीरॅम, एजीपीमध्ये टीएनटी२ कार्ड, आणि दोन आयएसए कार्डं: एक साउंडचं, एक नेटवर्कचं. हा बोर्ड यूएसबीवरून सुरू होत नाही, म्हणून पेंटियम फोरमधला डीव्हीडी ड्राइव्ह काढून, जम्पर मास्टरवर ठेवून, याच्या दुसऱ्या आयडीई तारेवर लावला.

मेमरीबद्दल आधी. ४४०बीएक्सला २५६ एमबीची पट्टी पूर्ण दिसते ती फक्त तिच्यावर सोळा चिप असतील तर. आठ चिपांची दाट पट्टी लावली तर निम्मीच मोजली जाते, किंवा यंत्र सुरूच होत नाही. पट्टी विकत घेताना चिप मोजून घ्या. डिस्कचंही तसंच. त्या काळच्या अनेक अवॉर्ड बायॉसना ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क पचत नाही, ओळखतानाच ती गोठतात. आमच्याकडे २० जीबीची धडधाकट डिस्क होती, तीच वापरली.

मेमरी कमी असल्यामुळे इन्स्टॉलर कमी मेमरीच्या पद्धतीत गेला. त्यात भाषांतरं चढत नाहीत, सगळे प्रश्न इंग्रजीत. डिस्क शोधण्याच्या पायरीवर यंत्र बराच वेळ थांबलं. ऑल्ट आणि एफ४ दाबून नोंदी बघितल्या तर एफडी०, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हवर वाचनाच्या चुकांची रांग लागली होती. फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला आहे की नाही हे विचारायचा खात्रीचा मार्ग नाही. कर्नल सीमॉसमध्ये (बायॉसची सेटिंग साठवणाऱ्या मेमरीत) जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवतो. आमच्या यंत्रातला ड्राइव्ह कधीच काढून टाकलेला होता, बायॉसमध्ये मात्र १.४४ एमबी तसाच. बायॉसमध्ये 'नन' केलं आणि तो अडथळा कायमचा गेला. हा बदल इन्स्टॉल करण्याआधीच करा, ग्रब (प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) बसतानाही तेवढाच वेळ वाचतो.

नंतर इन्स्टॉलर म्हणाला, इथरनेट कार्ड सापडलं नाही. साउंड कार्ड मात्र त्याच आयएसए बसवर असून ओळखलं गेलं होतं. एकाच बसवरची दोन कार्डं, एक बोलतं, एक नाही. हा फरक समजून घेणं हा या सगळ्या कामाचा गाभा आहे.

आयएसए बस मुळात ओळख विचारण्यासाठी बनलीच नव्हती. तिथे प्रत्येक कार्ड ठरावीक पोर्टांवर कान लावून बसतं आणि ते पोर्ट जम्परने ठरतात. १९९३ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने आयएसए प्लग अँड प्ले (पीएनपी) ही पद्धत आणली. तिच्यात २७९ हेक्स या पोर्टावर ३२ बाइटांची ठरावीक मालिका लिहिली की सगळी पीएनपी कार्डं जागी होतात. मग प्रत्येकाच्या ७२ बिटांच्या क्रमांकावरून, एकेक बिट विचारत, एक सोडून बाकीची गप्प केली जातात. उरलेल्याला नंबर देऊन पुढच्याकडे जायचं. साउंड कार्ड एडब्ल्यूई६४ होतं, म्हणजे पीएनपी. डीमेसेजमध्ये आयएसएपीएनपीच्या ओळीत त्याचं नावसुद्धा छापून आलं.

नेटवर्क कार्ड होतं एनई२००० या जुन्या नेटवर्क कार्डाची बिनपीएनपी नक्कल. त्याला ओळखायचं तर अंदाजाने एखाद्या पोर्टावर काहीतरी लिहून-वाचून प्रतिक्रिया बघावी लागते. त्या पोर्टावर दुसरंच कार्ड असेल तर ते बिथरतं आणि यंत्र जागीच गोठतं. विंडोज ९५ असा शोध घ्यायचं. यंत्र गोठलंच तर पुढच्या वेळी तोच प्रयोग टाळावा म्हणून डेटक्रॅश.लॉग ही फाइल लिहून ठेवायचं. लिनक्सने मॉड्यूलच्या बाबतीत वेगळी भूमिका घेतली: एनई ड्रायव्हर पोर्ट सांगितल्याशिवाय शोधायलाच जात नाही, 'आयओ द्यावाच लागेल' असं लिहून थांबतो. मला ही भूमिका पूर्ण पटते. चुकीच्या अंदाजापेक्षा प्रश्न विचारलेला बरा.

बेस सिस्टीम नेटइन्स्ट तबकडीवरच असते, त्यामुळे नेटवर्कची पायरी सोडून तेवढी बसवून घेतली. पीसीआय कार्ड दुकानदाराने आठवडाभरात देतो म्हटलं होतं. तोवर आयएसए कार्डाचं काम हाती घेतलं.

फोटोतल्या तक्तीप्रमाणे कार्डाला चार पोर्ट शक्य होते: ३००, ३२०, ३४० आणि ३६०, सगळे हेक्स. एनई२००० जातीचं कार्ड ३२ पोर्ट व्यापतं. म्हणजे ३६० निवडला तर ३७एफ पर्यंतची जागा जाते, आणि ३७८ वर तर प्रिंटरचा पॅरलल पोर्ट बसलेला. जुन्या यंत्रात 'नेटवर्क लावलं की प्रिंटर बंद पडतो' ही तक्रार असली तर आधी हे तपासा. आम्ही ३०० ठेवला. इंटरप्टसाठी (कार्ड प्रोसेसरचं लक्ष वेधतं त्या तारेसाठी, हिच्या क्रमांकालाच आयआरक्यू म्हणतात) जम्पर ३ वर होता, पण तो दुसऱ्या सीरियल पोर्टचा. म्हणून ५ वर नेला.

इथे एक बायॉसची पायरी न विसरता करायची असते. 'पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन' या पानावर आयआरक्यू ५ हा 'लेगसी आयएसए' म्हणून राखून ठेवायचा. पीसीआय कार्डं एक इंटरप्ट वाटून घेऊ शकतात. आयएसएचा इंटरप्ट वेगळ्या पद्धतीने चालतो, त्याच्यात वाटेकरी खपत नाही. बायॉसला जम्परचं कार्ड दिसत नाही, म्हणून राखून ठेवलं नाही तर ते ५ खुशाल दुसऱ्याला देऊन टाकतं. आमचं साउंड कार्ड नेमकं ५ वरच येऊन बसत होतं. राखल्यावर ते आपण होऊन १० वर गेलं. पीएनपी कार्ड हलू शकतं, जम्परवालं नाही. जागा नेहमी न हलणाऱ्याला आधी द्यायची. बायॉसमध्ये हा पर्यायच नसेल तर कर्नलच्या ओळीत पीएनपी_रिझर्व्ह_आयआरक्यू=५ असं देता येतं.

मग मॉडप्रोब एनई आयओ=०एक्स३०० आयआरक्यू=५. डीमेसेजमध्ये कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) उमटला आणि खोलीतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. इथे काय चुकू शकतं ते सांगतो. 'रिसेट ॲक नाही' असं आलं तर पोर्ट चुकला किंवा कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही; सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून पुन्हा बसवा. मॅक पत्ता बरोबर दिसतो पण पिंगला (दुसऱ्या यंत्राला हाक मारणाऱ्या आदेशाला) उत्तर येत नाही, आणि थोड्या वेळाने 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' येतं, तर पोर्ट बरोबर आहे आणि इंटरप्ट चुकलाय. खात्रीसाठी /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल पिंग चालू असताना दोनदा वाचा. कार्डासमोरचा आकडा वाढत नसेल तर इंटरप्ट पोचतच नाही.

हे कायम करायला दोन ओळी पुरतात. /ईटीसी/मॉड्यूल्स मध्ये नुसतं एनई, आणि /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एनई.कॉन्फ नावाची फाइल करून तिच्यात 'ऑप्शन्स एनई आयओ=०एक्स३०० आयआरक्यू=५'. कार्डाचं नाव एथ० हेच राहतं. पीसीआय कार्डांना स्लॉटवरून ईएनपी असं सुरू होणारं लांब नाव मिळतं, ते इथे लागू होत नाही. नेटवर्कची सेटिंग लिहिताना हे ध्यानात ठेवा. रिअलटेकचं पीसीआय कार्ड पुढच्या आठवड्यात २०० रुपयांना आलं, ते राखीव ठेवलंय. आयएसए कार्डाचा वेग १० मेगाबिट आहे आणि या यंत्राला तेवढा भरपूर होतो. पण तुमच्याकडे पीसीआय स्लॉट रिकामा असेल आणि वेळ कमी असेल, तर सरळ पीसीआय कार्ड बसवा.

शेवटचं उपकरण म्हणजे नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पॅरलल पोर्टवर. आयईईई १२८४ हे पॅरलल पोर्टचं मानक पाळणारे प्रिंटर पोर्टवरून स्वतःचं नाव सांगतात. ते /प्रॉक/सिस/डेव्ह/पारपोर्ट/पारपोर्ट०/ऑटोप्रोब मध्ये वाचता येतं. त्यासाठी बायॉसमध्ये पोर्ट ईसीपी किंवा ईपीपीवर हवा आणि केबलच्या सगळ्या तारा जोडलेल्या हव्यात. आमचा प्रिंटर त्याहून जुना, त्यामुळे ती फाइल रिकामीच निघाली. रिकामी म्हणजे प्रिंटर बिघडलाय असं नाही. एलपी मॉड्यूल चढवलं आणि /डेव्ह/एलपी० वर चार शब्द आणि शेवटी पान-पुढे हे चिन्ह पाठवलं. कागदावर अक्षरं उमटली. मग कप्समध्ये (छपाई सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) पत्ता पॅरलल:/डेव्ह/एलपी० आणि ड्रायव्हर 'एप्सन ९-पिन सिरीज' हाताने निवडला. देवनागरी मजकूर चित्र म्हणून छापला जातो, तो सावकाश निघतो. पुस्तकांच्या पाठीवरच्या क्रमांकाची लेबलं मात्र थेट मजकूर म्हणून पाठवली की झरझर येतात.

बारकोड स्कॅनर पीएस/२ चा होता. तो यंत्राला दुसरा कीबोर्ड वाटतो, वेगळा ओळखावा लागत नाही. फक्त पीएस/२ चं काहीही यंत्र चालू असताना लावू-काढू नका. बोर्डावरचा बारीक फ्यूज जाऊ शकतो आणि मग पोर्टच मरतो. कुणाकडे सीरियल माउस असेल तर कर्नल तो आपोआप घेत नाही. इनपुटअटॅच हे पॅकेज बसवून त्याला पोर्ट आणि माउसची जात सांगावी लागते.

कामाची वाटणी प्रोसेसर बघून केली. फायरफॉक्सला एसएसई२ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) लागतं आणि पेंटियम थ्रीकडे ते नाही, त्यामुळे त्याच्यावर ब्राउझरचा हट्ट धरला नाही. तो देवघेव टेबलाशी लेबलं आणि पावत्या छापतो. पुस्तकांची यादी शोधायला पेंटियम फोर, आणि वाचनकक्षात लॅपटॉप. एकूण खर्च ८९० रुपये झाला: बॅटऱ्या ८०, डीव्हीडी ५०, मेमरी ४००, केबल १००, नेटवर्क कार्ड २००, प्रोसेसरची थर्मल पेस्ट ६०. पावत्या सचिवांकडे दिल्या, डिसेंबरच्या सभेत निर्लेखनाचा विषय मागे घेतला गेला आणि नोंदवहीत तिन्ही यंत्रांपुढे 'वापरात' असा शेरा पडला.

पेंटियम थ्रीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय: नेटवर्क पोर्ट ३००, इंटरप्ट ५, बायॉसमध्ये ५ राखीव, फ्लॉपी बंद, पॅरलल ३७८. बॅटरी पुन्हा बदलताना बायॉस मूळपदावर येईल आणि तेव्हा जो कोणी असेल त्याला हे लागेल. तिन्ही यंत्रांच्या /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट मध्ये 'बुकवर्म' हाच शब्द आहे ना, तेही पाहिलं. तिथे 'स्टेबल' लिहिलेलं असेल तर पुढचं अपडेट डेबियन १३ कडे ओढेल, आणि या प्रोसेसरांसाठी तिथे कर्नलच नाही.